सर कुणाकडे जेवत नसत

पाणी शोधायला या म्हणून कुठल्याही गावातून फोन आला की आमचे सर पहिला प्रश्न पाण्याचा विचारत नसत, जेवणाचा विचारत. "जेवन कोनाकडं ठेवलं हाये?" समोरून मोठ्या प्रेमानं उत्तर यायचं, पाटलांकडं ठेवलंय, सरपंचांकडं ठेवलंय, कोंबडा कापतोय. सर म्हणायचे, "तं मंग येत नाही मी," आणि फोन ठेवून द्यायचे. दुसऱ्या दिवशी तीच माणसं पुन्हा फोन करून जेवण कुठंच नाही, चहासुद्धा नाही अशी खात्री द्यायची, तेव्हा कुठं सरांची स्कूटर निघायची. मागून माझी स्कुटी, आणि माझ्या डिकीत दोन डबे. एक माझा, एक सरांचा.

या नियमाचं कारण ज्यानं गावात विहिरीची जागा ठरताना पाहिली आहे त्याला सांगावं लागणार नाही. जो जेवू घालतो त्याच्या शेताच्या धुऱ्याजवळ, बांधाजवळ पाणी निघावं अशी त्याची अपेक्षा असते. नाही निघालं तर तो वर्षभर बोलून दाखवतो, आणि निघालं तर बाकीचं गाव बोलतं. सरांनी नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका घरी वांग्याची भाजी खाल्ली होती. योगायोगानं पाणी त्याच घराच्या मागं लागलं, आणि पुढं किती तरी वर्षं ती विहीर 'वांग्याची विहीर' म्हणूनच ओळखली गेली. तेव्हापासून त्यांनी ठरवलं की ज्या गावात मीटर लावायचं त्या गावचा घास तोंडात घालायचा नाही. पाणीसुद्धा घरचंच, भंडाऱ्याहून बाटलीत भरून आणलेलं.

मी त्यांच्याच अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवायला लागले तेव्हा सर पन्नाशीत होते. ते स्थापत्य विभागात भूभौतिकी शिकवायचे, मी पाण्याची प्रयोगशाळा सांभाळायचे. त्यांचं काम थोडक्यात सांगायचं तर असं: जमिनीत ओळीनं लोखंडी सळया ठोकायच्या, त्यांना वायरी जोडून वीज सोडायची, आणि ती खाली कुठं अडते, कुठं सहज जाते हे मीटरवर वाचायचं. कोरडा दगड विजेला अडवतो, ओला वाट देतो. हे ऐकायला सोपं वाटतं. मी सरांबरोबर शेकडो ठिकाणी आकडे उतरवून घेतले असतील, पण त्या आकड्यांकडे बघून जागा सांगायची हिंमत मला एकदाही झाली नाही.

सळया ठोकण्याआधी ते चपला काढत. गावकरी हात जोडत, त्यांना वाटे सर धरतीमातेच्या पाया पडत आहेत. सर खेकसत, "पूजा नाही होऊन राहिली इथं. पायाले ओल समजते म्हनून काढल्या." मग तेही जरा ओशाळत आणि म्हणत, "पन करा नमस्कार, काही बिघडत नाही."

सरांचं घर हातमागवाल्यांचं. वडील पैठणीच्या तोडीची काठाची धोतरं विणायचे म्हणे. सरांनी मागावर बसणं आठवीतच सोडलं, पण हाताची सवय सुटली नव्हती. तीन-तीनशे फुटांच्या वायरी ते कोपर आणि अंगठ्याच्या मध्ये असे गुंडाळत की एक पीळ इकडचा तिकडे नाही. आम्ही कुणी गुंडाळलेली वायर त्यांना दिसली की ती सबंध उलगडायची आणि पुन्हा गुंडाळायची. त्यात अर्धा तास जायचा, ऊन डोक्यावर यायचं, सोबत आणलेली कॉलेजची मुलं वैतागायची. "बापानं पाह्यलं असतं तं तुमाले घरात नसतं घेतलं," एवढंच ते म्हणत.

त्यांच्या नोकरीची सुरुवात मात्र पाण्यापासून झाली नव्हती. शिकून आल्या आल्या ते तुमसरकडे मॅंगनीज शोधणाऱ्यांच्या चमूत होते. चांगला पगार, जीप, तंबू, स्वयंपाकी. तीन वर्षांत सोडून आले. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "मी जमिनीतलं दाखवू अन् ते काढून निंगून जातीन. गावाले खड्डा. मी म्हनलं, असं काही शोधू का जे तिथंच राहीन." त्यातून पाणी आलं, आणि पाण्यामागून बाकी सगळं. पुढं पुढं ते नाल्यांचं पाणी, उसना म्हणजे उकडा तांदूळ करणाऱ्या गिरण्यांचं काळं सांडपाणी, कोंड्याची राख, तलावात साचलेला गाळ, सगळंच तपासत सुटले. एका गिरणीवाल्यानं त्यांच्या घरी बारीक तांदळाचं पोतं पाठवलं तर सरांनी ते एसटीच्या टपावर टाकून परत पाठवलं आणि सोबत चिठ्ठी दिली, 'तांदूळ उत्तम. पाणी वाईट.' तो गिरणीवाला आजही ती चिठ्ठी पाहुण्यांना दाखवतो. गंमत म्हणजे त्यानं पुढं टाक्या बांधल्या.

सिहोऱ्याच्या रस्त्यावरची गोष्ट तर आमच्या महाविद्यालयात प्रत्येक नव्या तुकडीला सांगितली जायची. निवडणुकीचे दिवस, ठिकठिकाणी नाकेबंदी, आणि सरांच्या स्कूटरला आडव्या बांधलेल्या टोकदार चोवीस सळया आणि दोन घण. शिपायानं अडवलं. "हे काय हाये?" सर म्हणाले, "इलेक्ट्रोड." शिपायाला ते नाव सळयांपेक्षाही धोक्याचं वाटलं. त्यानं साहेबांना बोलावलं. सरांनी साहेबांना तिथंच रस्त्याच्या कडेला सळया ठोकून, वायरी लावून, मीटर चालू करून दाखवलं. मी मागून स्कुटीवर पोचले तेव्हा चार पोलीस उकिडवे बसून आकडे बघत होते आणि साहेब विचारत होते, "सर, माह्या सासऱ्याच्या वावरात पान्याची लय तकलीफ हाये, कधी येता?" सरांनी त्यांनाही विचारलं, जेवण कोणाकडं आहे.

पाणाड्याशी त्यांचं वैर असेल असं लोकांना वाटे. नारळ तळहातावर ठेवून पाणी सांगणारा एक म्हातारा त्या भागात होता. सर त्याला भेटले की मिठी मारायचे. त्यानं सांगितलेल्या जागाही ते आपल्या वहीत लिहून ठेवत आणि पुढं तिथं पाणी लागलं का याची चौकशी करत. नागपूरच्या एका परिषदेत कुणीतरी टायवाल्यानं विचारलं, तुमच्या पद्धतीत आणि पाणाड्यात फरक काय? सर उठून म्हणाले, "त्याच्यापेक्षा माह्या जागा थोड्या जास्त लागतेत. तेवढ्या थोड्यासाठी मी पीएचडी केली." सभागृह हसलं. सर हसले नव्हते, त्यांनी वही उघडून दाखवायला आणली होती.

आता ज्या गावासाठी मी हे लिहायला बसले त्याकडे येते. गावाचं नाव सांगत नाही. गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली जुनं गाव गेलं आणि माळावर नवं वसवलं, अशा गावांपैकी एक. निम्मी घरं शेतकऱ्यांची, निम्मी ढिवरांची. नदीत मासोळ्या धरायच्या आणि उन्हाळ्यात नदीच्या वाळूत हातभर खड्डा करून, झिरा काढून, त्याचं पाणी प्यायचं, हे त्यांचं पिढ्यान् पिढ्यांचं जगणं. नव्या जागी रस्ते सरळ होते, शाळा होती, समाजमंदिर होतं, पण विहिरी फाल्गुनातच तळाला जायच्या. टँकर यायचा तेव्हा बाया रस्त्यावर हंड्यांची रांग लावायच्या आणि भांडणं व्हायची.

सर त्या गावात तीन दिवस अनवाणी फिरले. तिसऱ्या दिवशी शाळेच्या मागं एक जागा दाखवली आणि खोली सांगितली. बोअरच्या गाडीनं त्या खोलीपर्यंत नुसता पांढरा भुगा काढला. लोक कुजबुजायला लागले. सर सळयांच्या गठ्ठ्यावर बसून वायर गुंडाळत होते. आणखी थोडं खाली गेल्यावर खडक फुटला आणि पाणी असं उसळलं की गाडीवरचा माणूस भिजला. बाया धावत आल्या. भागरता म्हणून एक ढिवरीण होती, तेव्हा साठीची असेल, तिनं त्या गढूळ पाण्याची ओंजळ घेऊन सरांच्या पायावरच टाकली. सर मागं सरकले, पण खूश होते. एवढे खूश मी त्यांना नंतर पाहिलं नाही.

पाणी तपासणं माझं काम. मी नमुना आणला, सगळ्या चाचण्या केल्या. फक्त फ्लोराइडचं रसायन संपलं होतं. मागवलं होतं, यायला वेळ होता. त्या रकान्यात मी रेघ मारली आणि अहवाल सरांकडे नेला. त्यांनी रेघेवर बोट ठेवलं.

"हे काय म्याडम?"

"रसायन संपलंय सर. आलं की करते. तसंही आजूबाजूच्या विहिरींत कधी निघालं नाही."

त्या विहिरी उथळ होत्या आणि ही बोअर फार खोल होती, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं. सरांनाही सुचायला हवं होतं. पण चैत्र चालू होता, टँकर तीन दिवस आला नव्हता, सरपंचांचे दिवसातून दोनदा फोन येत होते. "आलं की करून टाका," असं म्हणून सरांनी सही केली. टाकी बांधली गेली, नळ आले. रसायन श्रावणात आलं, तोपर्यंत नवं सत्र सुरू झालं होतं आणि ती रेघ माझ्या डोक्यातून पार गेली होती.

गावानं टाकीवर सरांचं नाव रंगवलं. दरवर्षी बोअर लागली त्या दिवशी ते आम्हाला बोलवायचे, आणि सर हातात डबा घेऊन जायचे. बोअर केव्हाच लागून गेली होती, आता जेवलं तर काय बिघडणार, असं मी म्हणायचे. "शेजारच्या गावात काम चालू हाये ना. इथं जेवलो अन् तिथं नाही, असं कसं," हे त्यांचं उत्तर. शाळेच्या पायरीवर बसून आम्ही आपली भाजी-पोळी खायचो आणि भागरता समोर उभी राहून कमरेवर हात ठेवून बघायची.

एका वर्षी ती म्हणाली, "सर, तुमच्या पान्यात भात पिवळा होते जी."

सर हसले. "हंड्याले कल्हई कर भागरताबाई."

"हंडा तं जर्मनचा हाये, पितळेचा नाही."

"मंग धान जुना असन."

"धान माया नवा हाये. नदीच्या पान्यात असा नव्हता होत."

"नदी डोक्यातून काढ आता," सर म्हणाले. ते मायेनंच म्हणाले होते. मीही हसले. जुनं गाव सोडून आलेल्या माणसाला नव्या गावचं काहीच गोड लागत नाही, असं आम्ही परतताना एकमेकांना शहाणपणानं सांगितलं.

सर निवृत्त झाले त्या वर्षी गावानं मोठा सत्कार ठेवला. सरांनी शेजारपाजारची सगळी कामं संपवली होती, त्यामुळं नियमही संपला होता. फोनवर ते स्वतःच म्हणाले, "जेवन कोनाकडं ठेवलं हाये? भागरताबाईकडं ठेवा." त्या दिवशी माझ्या डिकीत पहिल्यांदाच डबे नव्हते.

सत्काराच्या आधी तिच्या अंगणात आमची पानं मांडली. मासोळीचा रस्सा होता, जवसाची चटणी होती, आणि वाफा निघणारा भात. भात पिवळसर होता. फार नाही, धुतल्या कापडाला जुनेपण येतं तेवढा. सरांनी रस्सा बाजूला सारला आणि कोरडा भात बोटात घेऊन बघितला.

"यात हळद टाकली का?"

"भातात कोनी हळद टाकते का जी?" भागरता म्हणाली. "तुमच्याच पान्यातला हाये. सांगतलं होतं ना तुमाले."

सरांचा हात पानावरच थांबला. खोल खडकातलं काही पाणी खारं लागत नाही, गढूळ दिसत नाही, पण सोड्यासारखं असतं. अशा पाण्यात तांदूळ पिवळा पडतो. आणि बहुतेकदा अशाच पाण्यात दात आणि हाडं बिघडवणारं फ्लोराइड असतं. हे मी दरवर्षी वर्गात शिकवायचे. ओसरीवर तिच्या नाती आणि त्यांच्या मैत्रिणी आमच्याकडे बघून हसत होत्या. सरांनी त्यांना जवळ बोलावलं, दात दाखवा म्हणाले. तिघींच्या पुढच्या दातांवर तपकिरी पट्टे होते.

सर माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "म्याडम, ते रसायन आलं होतं का मंग?"

मी मान हलवली. आलं होतं, पण केलं नव्हतं, एवढं त्या मान हलवण्यातून त्यांना कळलं. "आठ वर्षांत एक घास खाल्ला असता हिच्या घरी," ते म्हणाले, "तं समजलं असतं. माह्या नियमानंच घात केला."

मग त्यांनी तो भात संपवला. पानात काही टाकायची त्यांना सवय नव्हती.

समाजमंदिराकडे जाताना मी त्यांना गाठलं. "सर, आज काही बोलू नका. नमुना घेऊन जाऊ, परवा आकडा येईल, मग सांगू. नुसत्या भातावरून कसं सांगणार?" मी हे शास्त्राच्या नावानं बोलत होते, पण भीती दुसरीच होती. तपासणारी मी होते. अहवालाखाली सरांची सही होती, पण प्रयोगशाळेच्या वहीत अक्षर माझं होतं, आणि त्याच महिन्यात माझ्या बढतीची फाईल वर गेली होती.

"परवापर्यंत ह्या पोरी काय पेतीन?" सर म्हणाले.

मंडप भरला होता. शाल अंगावर टाकायला सरपंच पुढं झाले तर सरांनी ती हातानंच थांबवली आणि माइक घेतला. त्यांनी प्रस्तावना वगैरे केली नाही. म्हणाले, "नळाचं पानी आजपासून पेऊ नोका. सैपाकालेही घेऊ नोका. भांडे घासा, आंग धुवा, चालते. पोरायचे दात ह्याच पान्यानं खराब झाले असा माहा अंदाज हाये. अंदाज हाये, तपासून पक्कं सांगीन. पन तवरिक पेऊ नोका."

आधी कुणाला कळलंच नाही. मग सरपंच सरांच्या कानाशी लागले, "सर, हे माइकवर नोका सांगू जी, लोकं घाबरतीन." मागून एक जण उठला. "नदी घेतली, आता हे बी पानी घेता का आमचं? कायले आनलं मंग आमाले इथं?" दुसरा ओरडला, "आठ वर्सं काय करून राहिले होते तुम्ही?" एका बाईनं मुलीचं तोंड दोन्ही हातांत धरून तिचे दात बघितले आणि ती रडायला लागली. मला वाटलं, आता सर खाली उतरतील. ते उभेच राहिले.

"पानी तपासाचं होतं ते पुरं तपासलं नाही," ते म्हणाले. "सही माही हाये. चूक माही हाये."

"मी सांगतलं तं हासले होते," भागरता बसल्या जागेवरून म्हणाली.

"हो माय. हासलो."

मी पहिल्या रांगेत बसले होते. त्या वेळी उठून एक वाक्य बोलायचं होतं मला. नाही उठले. माझ्या गुडघ्यांवर फुलांचा गुच्छ होता, सरांना द्यायचा, तो घट्ट धरून मी बसून राहिले.

तिसऱ्या दिवशी आकडा आला. सरांचा अंदाज खरा होता, म्हणजे वाईट होता. मी तो आकडा त्यांच्या घरी घेऊन गेले आणि म्हणाले, "सर, रेघ माझी होती." त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला. "रेघ दिसली होती मले. दिसल्यावर सही केली. म्हनून चूक माही." पुढं त्यावरून ते मला कधी एक शब्द बोलले नाहीत. मला मात्र वाटायचं, त्यांनी एकदा तरी रागवावं.

निवृत्तीनंतरची दोन वर्षं त्यांनी त्या एका गावात घालवली. डोळ्यांनी साथ सोडली म्हणून स्कूटर विकली होती, एसटीनं जायचे. टँकर पुन्हा सुरू झाला होता आणि लोक त्यांच्याशी धड बोलत नव्हते. चहाच्या टपरीवर ते बसले की बाक रिकामा व्हायचा. एकटी भागरता बोलायची, तेही भांडायला. पण रोज दुपारी ते तिच्याच घरी जेवायचे, आणि टँकरच्या पाण्यातला भात कसा झाला हे नीट बघून सांगायचे. माळाच्या पलीकडे एक जुना तलाव होता. भागरता त्यांना घेऊन तलावाच्या पाळीवरून फिरली आणि एक जागा दाखवून म्हणाली, "इथं वैशाखात बी चिखलात मासोळी जित्ती राहते. झिरा इथं काढा." सरांनी चपला काढल्या. मग सळया ठोकल्या. मीटर भागरताच्याच बाजूचं निघालं. तिथं उथळ, रुंद विहीर खोदली गेली. पाणी गोड लागलं, तरी सरांनी वर्षभर कुणाला पिऊ दिलं नाही. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा, दर ऋतूत माझ्याकडून नमुना तपासून घेतला. एकाही रकान्यात रेघ नव्हती. मगच नळ त्या विहिरीला जोडले. नातवंडांना आता पांढरे दात येतील का, असं भागरतानं विचारलं तेव्हा सरांनी तिला खोटं सांगितलं नाही. "पुढच्यायले येतीन. ह्यायचे असेच राहतीन," म्हणाले.

नळ जोडले त्या दिवशी सर शाळेमागच्या जुन्या बोअरजवळ गेले. तिला झाकण घालून बंद केलं होतं. त्यांनी सोबत पत्र्याची पाटी आणि लाल रंगाचा डबा आणला होता. डोळ्यांजवळ ब्रश नेऊन, वाकड्या अक्षरात त्यांनी स्वतः लिहिलं, 'या बोअरचे पाणी पिऊ नये. ही जागा मी दाखवली होती.' खाली आपलं पूर्ण नाव, पदवीसकट.

मी म्हणाले, "सर, इशारा ठीक आहे. नाव कशाला?"

"टाकीवर नाव टाकलं होतं ना ह्यायनं माहं," सर म्हणाले. "तवा नाही विचारलं तुम्ही, नाव कायले."

"मग माझंही टाका."

त्यांनी ब्रश खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. "तुमची नोकरी अजून बारा-पंधरा वर्षं हाये. माही झाली. ऱ्हाऊ द्या." आणि मला बरं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण त्या क्षणी मला खरंच हायसं वाटलं होतं. बढती मिळाली होती, घराचं काम काढलं होतं, आणि सरांनी स्वतःच नको म्हटलं होतं. आणखी काय हवं असतं माणसाला?

सर गेल्या वर्षी गेले. महाविद्यालयात शोकसभा झाली. त्यांनी किती गावांना पाणी दाखवलं, किती विद्यार्थी घडवले, सगळं निघालं. सिहोऱ्याच्या रस्त्याची गोष्ट सांगताना सगळे हसले आणि डोळेही पुसले. शेवटी प्राचार्य म्हणाले, त्यांच्या कामात कधी चूक झाली नाही. मला एकदम असह्य झालं. सरांनी जी एक गोष्ट स्वतःच्या हातानं, लाल रंगात, सगळ्यांना दिसेल अशी लिहून ठेवली होती, ती इतक्या आदरानं पुसली जात होती. मी उठले आणि म्हणाले, "झाली होती. आणि ती माझी होती." मग सगळं सांगितलं. रेघ, रसायन, गुच्छ. सभा अवघडून संपली. दोघा-तिघांनी नंतर येऊन सांगितलं की तुम्ही भावनेच्या भरात बोललात, मनावर घेऊ नका, कुणी काही लिहून घेतलेलं नाही.

त्यानंतरच्या रविवारी मी रंगाचा डबा घेऊन त्या गावात गेले. भागरता आता काठी टेकत चालते. ती माझ्यामागून शाळेमागं आली आणि दगडावर बसली. पाटीवरचा सरांचा रंग थोडा उडाला होता, पण वाचता येत होता. मी खाली बसून, सरांच्या नावाखाली उरलेल्या जागेत लिहिलं, 'पाणी तपासायचे काम माझे होते. ते मी पूर्ण केले नाही.' आणि माझं नाव.

"काय लिवलं वो बाई?" भागरतानं विचारलं. तिला वाचता येत नाही.

मी वाचून दाखवलं. मला वाटलं, आता शिव्या देईल, किंवा जाऊ दे म्हणेल. मी दोन्हीसाठी तयार होते. ती काठीवर जोर देऊन उठली, पाटीच्या अगदी जवळ आली आणि काठीच्या टोकानं आधी सरांची ओळ दाखवली, मग माझी.

"त्यायचं रस्त्यावरून दिसते," ती म्हणाली. "तुयं नाही दिसत. मोठं काढ."

मी रंग ओला होता तोवर तो फडक्यानं पुसला आणि पुन्हा लिहायला घेतलं, मोठ्या अक्षरात.